ओढांक नऊ

सकाळी चहा गाळताना सुकन्याच्या मनगटावरची पट्टी थरथरली. खालच्या मजल्यावरच्या पगारेकाकूंनी जिन्यातून तिला हाक मारली होती, ती ऐकून तिच्या नाडीचा ठेका बदलला होता आणि पट्टीने तेवढं टिपून घेतलं होतं. टेबलाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याची, विनीतची पट्टी सहा महिने जवळजवळ गप्पच होती. आपली बॅटरी चांगली टिकते, एवढाच अर्थ त्याने त्यातून काढला होता.

सहलीला म्हणून आलेले लोक परत जात नाहीत, हे लक्षात आल्यावर त्या थंड, श्रीमंत देशाने हा ओढमापक काढला होता. कुणाच्या आवाजाने तुमची नाडी हलते, तुम्ही कुणाच्या घरी जाता, तुमच्या दारात कोण येतं, हे सगळं सहा महिने मोजायचं आणि शंभरापैकी एक आकडा काढायचा. हा ओढांक. चाळीस किंवा जास्त भरला, तर माणूस घरच्या ओढीने परतणार असं धरून सहलीची परवानगी मिळे.

सात वर्षं बोरसे नवरा-बायको या पहिल्या परदेश सहलीसाठी पैसे साठवत होते. म्हणजे हुकूम विनीतचा आणि पोटाला चिमटा सुकन्याचा. तो नाशिकच्या एका कारखान्यात साचे आखायचा. पंधरा दिवस फिरायचं, तिथल्या दोन कारखान्यांत गुपचूप तोंड दाखवून यायचं आणि जमलं तर बिऱ्हाड हलवायचं, असा त्याचा बेत होता. त्या देशाचं नाव तो घेत नसे. नुसतं ‘तिकडे’ म्हणे, आणि म्हणताना इकडच्या सगळ्याचा तिटकारा त्याच्या चेहऱ्यावर दिसे.

बचतीची त्याची पद्धत साधी होती. माणसं टाळायची. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापलेलं असेल तेवढ्याच लग्नाला तो जाई आणि पहिल्या पंगतीला जेवून निघे. चूलबंद आमंत्रण, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, आलं की याचं पोट बिघडे. आज जेवलो तर उद्या त्यांना बोलवावं लागेल, हा हिशेब. भाऊबीजेला बहिणीकडे जाणं तिसऱ्या वर्षी बंद झालं, मग बहिणीनेही फोन करणं सोडलं. याला त्याचं काही वाटलं नाही. अशा माणसाचा राग येतो, पण तो कुणाचं काही बुडवत नसल्यामुळे भांडायचं कशावरून हेही कळत नाही.

परवाना केंद्रात दाभाडे नावाच्या अधिकारी बाईंनी दोघांच्या पट्ट्या यंत्राला लावल्या. समोरच्या पडद्यावर आकडे उमटले. सुकन्या अडुसष्ट. विनीत नऊ.

“यंत्र बिघडलंय तुमचं,” विनीत म्हणाला.

“बिघडलेलं नाही. नऊपैकी सहा गुण तुमच्या मिसेसचे आहेत आणि तीन मोटारसायकलचे. सहा महिन्यांत तुमच्या दारात तुमच्यासाठी कुणी आलेलं नाही. साधं काही मागायलासुद्धा नाही.”

“अहो, याच सहलीसाठी तर सगळं तोडलं! जाणं-येणं, देणं-घेणं, सगळं!”

“का तोडलं ते यंत्र विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेलात तर परत कशाला याल, एवढंच विचारतं.”

विनीत गर्रकन बायकोकडे वळला. “आणि तुझे अडुसष्ट कसे?”

“मी जात होते,” सुकन्या म्हणाली. “तुझ्या बहिणीकडे, काकूंच्या ऑपरेशनला, शेजारच्या बारशाला. हात हलवत नाही गेले. घरखर्चातून काढत होते.”

“माझे पैसे उधळलेस तू!”

“उधळले. आणि म्हणून मला तरी परवानगी मिळतेय.”

बाकावरचे लोक माना वळवून बघायला लागले. सात वर्षांचं तुंबलेलं भांडण तिथेच फुटलं असतं, पण दाभाडेबाईंनी पेन टेबलावर आपटलं.

“बोरसे, तुमच्यासाठी दुसरी सोय आहे. ओढांक वीस किंवा त्याखाली असला तर तो देश कायमचं राहायला घेतो. मागे वळून न बघणारी माणसं त्यांना हवीच आहेत. काम, घर सगळं मिळेल. पाच वर्षं परत यायचं नाही. मात्र तुम्हाला एकट्याला. यांचा आकडा फार आहे.”

आता हा उठेल, असं सुकन्याला वाटलं. चल घरी, म्हणेल. पण विनीतच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. लग्नातसुद्धा तिने त्याला एवढं आनंदलेलं पाहिलं नव्हतं.

“सही कुठे करायची?” त्याने विचारलं.

“विनीत, माझं काय?”

“तुला बोलावून घेईन ना. आधी हातचं तर नको घालवू.”

त्याने सही केली. पडदा क्षणभर कोरा झाला आणि सुकन्याच्या नावासमोरचा अडुसष्ट आकडा पुसला जाऊन तिथे सत्तावीस आला.

“हे काय झालं?” तिने विचारलं.

दाभाडेबाई पहिल्यांदाच जरा चाचरल्या. “तुमचे एकेचाळीस गुण यांचेच होते. निघून जाणाऱ्या माणसाची ओढ धरत नाहीत. ती इकडे परत आणत नाही ना. आता तुम्हाला सहलीलाही जाता येणार नाही. चाळीसच्या खाली आलात.”

एकेचाळीस. सुकन्याला आधी लाज वाटली, मग संताप आला. तिच्यासाठी सहाच गुण निघालेल्या माणसावर तिने एकेचाळीस गुण लावले होते आणि ते असे चारचौघांसमोर पडद्यावर निघाले होते. ती विनीतकडे बघत राहिली. निदान आता तरी त्याची मान खाली जाईल, असं तिला वाटत होतं.

त्याची नजर पडद्यावरच होती. सत्तावीसातून वीस त्याने मनातल्या मनात वजा केले, आणि नव्या बचतीची युक्ती सापडल्यासारखा तो उत्साहाने तिच्याकडे वळला.

“सुकन्या, अगं, सातच राहिले! काकू, माझी बहीण, दोन-चार घरं फक्त. तोडायला किती दिवस लागतील तुला?”