दहा मोजेपर्यंत

संचिताने भंगाराच्या ढिगातून ती काळी अ‍ॅल्युमिनियमची वीट ओढली, पण वीट काही येईना. पलीकडून कुणीतरी तिला ओढत होतं.

"सोडा," संचिता म्हणाली.

"तुम्ही सोडा. मी आधी बघितलेली."

शहाड स्टेशनबाहेरचं दुकान, मे महिना, दुपारचं ऊन. फुटके मिक्सर आणि मेलेले कॉम्प्युटर यांच्या मागून एक डोकं वर आलं. कुरळे केस, कानामागे टेस्टर, निळ्या शर्टाच्या खिशावर दोऱ्याने लिहिलेलं – 'प्रीतम भोईर, एसी-फ्रिज, कोलशेत'. आणि डोळे... हसरे. संचिताला त्या घटकेला हसरे डोळे परवडणारे नव्हते.

"अहो, हे हीटसिंक आहे," ती म्हणाली. "ही पाती बघा. तापलेल्या पार्टला जोडलं की उष्णता पात्यांतून बाहेर जाते. मला खरंच गरज आहे. तुम्हाला कशाला हवंय?"

"आईला हवंय."

"आई तापते?"

"तापते ना. पण हे वेगळं. फ्रीजरमधलं पापलेट याच्यावर ठेवलं की पंधरा मिनिटांत मोकळं होतं. आज आणतो बोललोय तिला."

तानपुऱ्यावर कांदे चिरायला काय हरकत आहे, असं कुणी विचारावं तसा संचिताचा चेहरा झाला.

तिची अडचण खरी होती. डोंबिवलीला तिच्या घरी सुमतीआत्या राहायची – बहात्तर वर्षांची, गाण्याच्या क्लासमधून निवृत्त झालेली. तरुणपणी तिची एकच रेकॉर्ड निघाली होती. ती ऐकून तीस वर्षं झाली, कारण वाजवायचं यंत्रच धड नव्हतं. यंदा माळ्यावरून प्लेअर निघाला. प्लेट फिरली, सुई टेकली. पण सुईतून येणारा आवाज इतका बारीक, की आधी प्रीअ‍ॅम्प्लिफायरने तो मोठा करायचा, मगच तो स्पीकरपर्यंत पोचणार.

"मी बनवते गं," संचिता बोलून गेली.

ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होती. म्हणजे सर्टिफिकेट फ्रेममध्ये होतं. गेली सहा वर्षं ती घोडबंदर रोडच्या ऑफिसात एक्सेलमधले चौकोन रंगवत होती. तरी इंटरनेटवरून सर्किटचा नकाशा काढून तिने आईच्या चिवड्याच्या डब्यात प्रीअ‍ॅम्प बसवला, आणि तो चक्क वाजला! अकरा मिनिटं. मग आतला, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर तापला आणि जीव वाचवायला आपणहून बंद पडला. थंड झाल्यावर पुन्हा सुरू.

"थेट तुझ्या काकांसारखा," आत्या म्हणाली होती.

रेकॉर्डची एक बाजू एकवीस मिनिटांची होती. पुढच्या रविवारी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस माणसं ती ऐकायला येणार होती. आत्याने निमंत्रणपत्रिका छापल्या होत्या. जाड कार्डावर, सोनेरी अक्षरांत!

हे सगळं तिने प्रीतमला एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला.

"आईला शब्द दिलाय, नायतर दिलं असतं," तो म्हणाला. हीटसिंक त्याने काखेत मारलं आणि खिशातून कार्ड काढलं. "थंड करायचा तर आमचा धंदाच आहे, मॅडम. अडलात तर फोन करा."

संचिता मुळीच अडणार नव्हती.

सोमवारी तिने कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला. प्रीअ‍ॅम्पने आत्याच्या गाण्याबरोबर पंख्याची घूंघूंही इमानदारीने मोठी केली. आत्या पिठाच्या गिरणीत उभी राहून गात असावी असं वाटलं. मंगळवारी आईच्या गुडघ्याची बर्फाची पिशवी डब्यावर ठेवली. पिशवीला घाम फुटला, एक थेंब आत गेला आणि फट्! बुधवार नवा रेग्युलेटर बसवण्यात गेला. गुरुवारी आत्या आरशासमोर साडी लावून बघत होती. "हॉलमध्ये ही बरी दिसेल ना गं?" तिने विचारलं. संचिताने प्रीतमचं कार्ड शोधलं.

तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अडलात?"

"...अडले."

शनिवारी दुपारी तो हीटसिंक घेऊन दारात उभा होता.

"आई काय म्हणाली?"

"रविवार संध्याकाळपर्यंतच दिलंय. कार्यक्रम झाला की काढून न्यायचं." त्याने हीटसिंक नाकाशी नेलं, घाईने खाली घेतलं. "धुतलंय हां. तीनदा. लिंबू लावून."

"का?"

"असंच... स्वच्छता."

रविवार संध्याकाळपर्यंतच. म्हणजे त्यानंतर हा कोलशेतला, आपण आपल्या एक्सेलमध्ये. संचिताला उगाचच काहीतरी खुपलं. तिने ते रेग्युलेटरच्या नावावर खपवलं.

स्क्रू बसले. प्लेट फिरली. आत्याने मारुतीपुढे लावलेल्या उदबत्तीचा वास घरभर पसरला होता.

"मीटर नाहीये माझ्याकडे, किती तापलं कसं कळणार?" संचिताने विचारलं.

"बोट आहे ना! टेकवायचं आणि मोजायचं. दहापर्यंत टिकलं तर पार्ट वाचला. आधीच उचलावं लागलं तर... पार्टची काळजी."

दोघांनी बोटं टेकवली. मध्ये दोन पाती. तिने सहाला बोट उचललं. तो दहापर्यंत तसाच, तिच्याकडे बघत.

"कातडी जाड आहे तुमची," ती म्हणाली.

"बोटाची. बाकी ठिकाणची तुम्ही तपासली नाय अजून."

संचिताचे कान तापले. त्यांना हीटसिंक नव्हतं.

बाराव्या मिनिटाला आत्याने सुई उचलली. "बास! माझा आवाज घासून संपवाल आजच." त्यामुळे पुढची नऊ मिनिटं देवालाच ठाऊक राहिली.

रविवारी हॉल गच्च भरला. आवाज नको म्हणून आत्याच्या हुकमाने पंखे बंद. सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव पहिल्या रांगेत, कपाळावर घाम आणि गंध दोन्ही. जमिनीपर्यंत चादर सोडलेल्या टेबलावर प्लेअर. टेबलामागे चिवड्याचा डबा, आणि त्याच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसलेले संचिता आणि प्रीतम.

सुई टेकली. खरखर झाली... आणि पंचवीस वर्षांची सुमतीआत्या गायला लागली.

पाच मिनिटं. बोट. दहापर्यंत टिकलं. दहा मिनिटं. तिचं सातला उठलं, त्याचं टिकलं. अकरावं मिनिट गेलं, बारावं गेलं. संचिताने श्वास घेतला. आणि तो श्वास तिला सोडवेना.

वास येत होता.

हळद, लसूण, आणि त्याच्याखाली... ती प्रीतमकडे वळली. तो छताकडे बघत होता.

"प्रीतम," ती कुजबुजली, "हे काय आहे?"

"फटीत राहिलं असेल थोडं. लिंबू पोचलं नसेल."

"चातुर्मासात कांदा न खाणारी माणसं बसलीत समोर!"

"मे महिन्यात कुठला चातुर्मास?"

चौदाव्या मिनिटाला त्याने बोट टेकवलं. एक, दोन, तीन... सातला उचललं. प्रीतमने! त्याचे डोळे पहिल्यांदाच हसत नव्हते.

"जातंय," तो म्हणाला. "वारा घालायला लागेल."

त्याच्या हातात आत्याची सोनेरी निमंत्रणपत्रिका होती. पण पत्रिका तशीच थांबली. संचितालाही कळलं. वारा घातला की रेग्युलेटर वाचेल, आणि पापलेट सरळ पहिल्या रांगेत जाईल. उद्यापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर तिचं नाव निघेल. आई मान वर करून भाजी आणायला जाऊ शकणार नाही. नाही घातला, तर वास इथेच राहील, आणि गाणं मध्येच मरेल.

तिने चादरीच्या कडेवरून बघितलं. आत्या डोळे मिटून बसली होती. मांडीवर तिची बोटं ताल धरत होती.

"घाल वारा," संचिता म्हणाली.

"नक्की?"

"घाल रे!"

प्रीतमने वारा घातला. हॉलभर एसी बसवणारा माणूस, एका चिवड्याच्या डब्याला पत्रिकेने वारा घालत होता. पहिल्या रांगेतली नाकं एकदम वर झाली. मग दुसऱ्या रांगेतली. पदर नाकाला लागले, माना वळल्या, प्रत्येकजण शेजारच्याकडे संशयाने बघायला लागला. महिपतराव उठून उभे राहिले.

"हे कोण तळतंय? सोसायटीचा नियम आहे –"

"बस, महिपत!" आत्याचा डोळे मिटूनच आवाज आला. "माझा अंतरा चाललाय."

महिपतराव बसले. पत्रिका हलत राहिली. सतरा मिनिटं. अठरा. प्रीतमचा हात दुखायला लागला तेव्हा संचिताने पत्रिका घेतली, तिचा दुखला तेव्हा त्याने. एकोणीस. वीस. तिचे ओठ नुसतेच हलत होते, नवस कुठल्या देवाला बोलावा हेही तिला ठरवता येत नव्हतं. शेवटची तान वर गेली, तिथे थांबली, अलगद उतरली... आणि सुई रिकाम्या कडेला खरखरत राहिली.

मग टाळ्या! चाळीस माणसांच्या, पण चारशेंच्या वाटाव्यात अशा.

आत्या टेबलामागे आली. डोळे पुसत तिने संचिताचा गाल कुरवाळला. "त्या अंतऱ्यात माझा सूर घसरलाय गं. इतकी वर्षं धास्ती होती, सगळ्यांसमोर कळेल म्हणून. आणि नेमका तिथेच वास आला! कुणाचं लक्षच नव्हतं. देव पाठीशी आहे माझ्या."

तिच्या मागोमाग महिपतराव आले. इकडेतिकडे बघून ते प्रीतमच्या कानाशी वाकले.

"खरं सांगा. पापलेट की सुरमई?"

"...पापलेट."

"वाटलंच!" महिपतरावांनी डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. "नोकरीला सात वर्षं रत्नागिरीत होतो. घरी बोलू नका."

हॉल रिकामा झाला. कुणीतरी जाताजाता पंखे लावून गेलं. प्रीतमने कानामागचा टेस्टर काढला.

"काढू आता? न्यायचं होतं..."

"हो. आई वाट बघत असतील." संचिता वायर गुंडाळायला लागली. नीट गुंडाळलेली वायर तिने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"पण गरम असताना काढता येत नाय," तो म्हणाला. "बघू दे."

त्याने बोट टेकवलं. जरा थांबून तिनेही टेकवलं. आज मध्ये एकच पातं होतं.

एक, दोन, तीन... आठ, नऊ, दहा. बोट कुणीच उचललं नाही. अकरा. बारा.

"थंड झालंय," ती म्हणाली.

"मला तर गरम लागतंय."

"तुमची तर कातडी जाड ना?"

प्रीतमने मान खाली घातली. "आईसाठी दुसरं आणलंय. शुक्रवारीच... तुमचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग हे न्यायचं म्हणून का सांगितलं?"

"नायतर आज यायला काय कारण होतं माझ्याकडे?"

पंख्याचा वारा येत होता. हीटसिंक माठाच्या पाण्यासारखं गार पडलं होतं. संचिताचं बोट एका पात्यावरून सरकलं आणि त्याच्या बोटाला टेकलं.

"कितीवर होतो आपण?" त्याने हळूच विचारलं.

"बारा."

"आणि... गरम आहे?"

"खूप," संचिता म्हणाली. "तू मोज. दुसरी बाजू पण वाजवायचीये अजून."