वर बघा, माझ्याकडे नको

“वर बघा... वर! माझ्याकडे नको.”

“तुम्ही आरसा धरून समोरच उभे, मग बघू तरी कुठे?” लेन्स पुन्हा तिच्या बोटावरून घसरून गालाला चिकटली. चष्म्याच्या दुकानातला तो तरुण हसू दाबत राहिला.

शाळेपासून तिला सगळे पोपट म्हणत. नाक आत्यावर गेलेलं, बाकदार. ऑफिसातल्या दोघींनी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं, तिसरीने तारीख घेतली, तेव्हा हिनेही मनाशी पक्कं केलं. ऑपरेशननंतर काही आठवडे नाकावर चष्मा चालणार नव्हता, म्हणून हा लेन्सचा सराव. खरं तर तिला केव्हाच जमलं होतं. पण ती मुद्दाम चुकायची, आणि तोही मुद्दाम ते ओळखायचा नाही.

शेवटी एका संध्याकाळी लेन्स पटकन बसली.

“परवा ऑपरेशन,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “एक सांगू? मला ना... हे नाक आवडतं. चष्मा काय झकास टेकतो यावर!”

“भिंत आहे का ती, टेकायला?” तिचा पारा चढला. “आईला ऑपरेशन नको, आत्याला त्याचा राग, आता तुम्हाला हेच नाक आवडतं! रोज आरशात मी बघते. मला नाही आवडत!”

ती तरातरा निघून गेली. नाकाबरोबर हा माणूसही जाणार, या विचाराने रस्त्यात तिला रडू फुटलं. तरी तिने तारीख बदलली नाही.

आठवड्याभराने ती दुकानाच्या दारात उभी होती. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं. पापण्या इतक्या सुजलेल्या की लेन्स आत जाईना. समोर सगळं धूसर.

“ओळखलंत?”

“चालण्यावरून.”

त्याने खणातून एक हलकी फ्रेम काढली. तिचे नाकावर टेकणारे पॅड काढून टाकले होते. वरच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्याने ती अलगद तिच्या कपाळाला चिकटवली. नाकाला कुठेच धक्का नाही.

“ही कधी केलीत?”

“तुम्ही भांडून गेलात त्याच संध्याकाळी. डोळे सुजणार, हे माहीत होतं.”

“आणि... तुमचं ते आवडतं नाक?”

“आठवण येईल थोडी. पण मी काही नाकाची वाट बघत बसलो नव्हतो.”

सवयीने तिची नजर छताकडे गेली.

“आता वर नको,” तो हळूच म्हणाला. “माझ्याकडे बघ.”

तिने बघितलं. स्पष्ट दिसत होता.

“हसवू नको रे, दुखतं...” ती म्हणाली, आणि हसलीच.