मागचा ब्रेक

अंगणातली ती जुनी मोटरसायकल आम्ही विकतही नाही आणि चालवतही नाही, ती का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा राहू द्या तसाच. मोठा नको, पण मालवूही नका.

ती गाडी आमच्या बाबांची. आम्ही लहान असताना भाऊ पेट्रोलच्या टाकीवर बसायचा, मी बाबा आणि आईच्या मध्ये चेंगरून, आणि आई सगळ्यांत मागे. आईचा उजवा तळवा कायम बाबांच्या उजव्या खांद्यावर असायचा. गाडी जोरात गेली की ती बोलायची नाही, नुसता खांदा दाबायची. बाबा लगेच हळू करायचे आणि कुणी हसलं तर म्हणायचे, "पुढचा ब्रेक माझ्या हातात, मागचा हिच्या." तेव्हापासून आईला घरात नावच पडलं, मागचा ब्रेक. बाबांचे दोस्त मिस्त्रीकाका तर आमच्याकडे आले की दारातूनच विचारायचे, "मागचा ब्रेक काय म्हणतोय?" आईही वर चहा देताना ऐकवायची, की मी आहे म्हणून तुमचे मित्र धड आहेत.

बाबा गेले. मग आईचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. उजवा हात उशीवर ठेवला की तसाच उघडा पडून राहायचा, पान गळून पडावं तसा. रोज सकाळी तो हात मीच पुसायची, बोटाबोटांतून. त्या हाताची रेष न् रेष मला पाठ होती. मी लग्न केलं नाही, भावाचंही जमायचं होतं. आम्हा दोघांवाचून तिला कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या. म्हणून भावाने ती गाडी बाहेर काढली. इंजिन सुरू झालं त्या दिवशी आईने खिडकीकडे डोळे वळवले. कितीतरी दिवसांनी. भाऊ मोरीत जाऊन तोंड धुऊन आला, पण डोळे लालच होते. गाडी पुरती धड करायची आणि रोज तिच्या खिडकीखालून न्यायची, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं.

इंजिन चाललं, पण ब्रेक नव्हते. त्या गाडीचे पार्ट बनवणंच बंद झालेलं. पुढच्या ब्रेकची केबल मिळेना, तेव्हा मिस्त्रीकाकांनी जुन्याच तारेच्या टोकाला, ती दांड्यात अडकवायचा नवा मणी डाग देऊन बसवला. चाकाच्या ड्रमला आतून दाबणारे मागचे ब्रेक शू तर तडकलेलेच होते. भाऊ भंगाराच्या सगळ्या वखारी पालथ्या घालून आला आणि शेवटी एका ढिगाखाली त्याला अगदी त्याच गाडीचं मागचं चाक मिळालं, ड्रम आणि शूसकट. कुणाची गाडी, असं विचारल्यावर भंगारवाला म्हणाला, "मोठ्या रस्त्याच्या उतारावरून उचललेली. चालवणारा गेला." पुढे त्यालाही सांगायचं नव्हतं आणि भावालाही ऐकायचं नव्हतं. मिळालं हेच नशीब.

ते चाक बसवायचं होतं त्या दुपारी भाऊ डबा विसरून गेला, तो द्यायला मी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजवर गेले. आईजवळ शेजारच्या वहिनींना बसवलं होतं. आभाळ खाली आलेलं, भरदुपारी गॅरेजमध्ये बल्ब लावावा लागला होता. ग्रीस, रॉकेल आणि काहीतरी करपल्याचा वास. मिस्त्रीकाका त्या भंगारातल्या ड्रमच्या आत पांढरा खडू घासत होते. मी विचारलं तर म्हणाले, की शूवर लायनरची नवी पट्टी चिकटवलीय, ती ड्रमला सगळीकडून सारखी टेकते का ते बघायचं. चाक फिरवून ब्रेक दाबायचा आणि उघडायचं. जिथे टेकलं तिथे लायनरवर खडू उमटतो. कमीजास्त असेल तिथे घासायचं.

त्यांनी चाक फिरवलं, दाबलं, उघडलं. काळ्या लायनरवर पांढरे पट्टे उमटले होते. चार, लांबट, शेजारी शेजारी. काका जरा वेळ बघत राहिले. मग "असं कसं टेकलं" म्हणत त्यांनी ते कानशीने घासून टाकलं. मला ती बोटं वाटली होती, पण असं काही बोललं की भाऊ चिडवून जीव नकोसा करतो.

भाऊ जेवला. चाक गाडीत बसलं. वहिनींना घरी जायची घाई होती, म्हणून मी निघाले. भाऊ म्हणाला, "चल, सोडतो. पुढचा ब्रेक झालाय, इंजिन गरम होऊ दे जरा." मी मागे बसले. डब्याची पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने सीटमागची कडी धरलेली. हे नीट ध्यानात ठेवा. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

काका आत हात धूत होते. आम्ही फाटकातून बाहेर पडलो, तेव्हा त्यांनी आतून हाक दिली, "अरे, मागचा ब्रेक राहिलाय!"

भाऊ हसला. मीही हसले. तो मान वळवून ओरडला, "तो घरी पलंगावर आहे, काका. आधी ताईला फिरवतो, मग त्याला बसवू."

आणि आम्ही निघालो.

गल्लीत गाडी छान चालली. पुढे तो लांब उतार लागतो. खाली मोठा रस्ता आडवा जातो आणि त्यावरून दिवसभर अवजड गाड्या. उताराला लागल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, ढकलू नकोस."

मी म्हटलं, "मी कुठे ढकलतेय?"

"पाठीला हात आहे तुझा..."

"नाही रे..."

गाडीने वेग घेतला. भावाने पुढचा ब्रेक ओढला आणि टप्‌ असा बारीकसा आवाज आला, पेटीकोटाची नाडी तुटावी तसा. डाग दिलेला मणी निसटला होता. तो पायाने पेडल मारू लागला. पेडल नुसतंच खालीवर होत होतं. खालच्या आडव्या रस्त्यावरून निळा टँकर येताना मला दिसला. मला फक्त उशीवरचा उघडा हात आठवला. उद्या तो कोण पुसणार, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मागच्या चाकातून आवाज आला. कर्रर्र... नव्या लायनरचा, दाबून धरलेला. माझं नाक भावाच्या पाठीवर आपटलं. गाडी मोठ्या रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबली आणि टँकर समोरून गेला. त्याच्या वाऱ्याने माझा पदर उडाला.

भावाने पाय टेकून इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "ताई, किती जोरात दाबलास खांदा... हाड मोडलं असतं."

मी पिशवी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. दुसरा हात कडीवरून निघतच नव्हता.

काका उतारावरून धावत आले, धापा टाकत. त्यांच्या हातात एक लांब लोखंडी रॉड होता. पेडलपासून मागच्या ड्रमपर्यंत जातो तो. तो जोडायचा राहिला होता, हेच ते ओरडून सांगत होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, रॉडकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग थांबवलीत कशाने?"

गाडी त्यांच्याकडे सोडून आम्ही चालत घरी आलो, मी पुढे आणि भाऊ मागून. वहिनी दारातच उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. म्हणाल्या, "मघाशी आई बोलल्या. स्पष्ट. 'हळू' म्हणाल्या... आणि तेव्हापासून बघा."

आईचे डोळे मिटलेले होते, श्वास शांत चालला होता. पण तिचा उजवा हात, जो कधी मिटत नसे, त्याची मूठ आवळलेली होती. मी एकेक बोट सोडवलं. तळवा भाजल्यासारखा गरम होता. त्यावर पांढरा खडू होता, खडूत काळी पूड, आणि हाताला गॅरेजमधला तोच करपलेला वास. त्या सकाळी मीच तो पुसला होता.

भावाने शर्ट काढला. शर्टाच्या उजव्या खांद्यावर चार पांढरी बोटं, वरून पुढे आलेली. आईची. मला पाठ होती ती. मी तिचे पाय धरले आणि रडू लागले. भीतीने नाही, खरंच सांगते. वाटलं, ही आहे तोवर आम्हाला काही होत नाही.

मग वहिनींनी शर्ट पाठीच्या बाजूने फिरवला.

पाठीवर, डाव्या बाजूला, आणखी एक हात उमटला होता. काळा, रुंद, आईच्या हाताच्या दीडपट. त्याची बोटं खांद्यावरून पुढे आलेली नव्हती. तळवा पाठीवर सपाट टेकलेला आणि बोटं वर. ढकलताना टेकतात तशी.