पाठमोरे फाळके

धनुष्यासाठी लाकूड निवडताना रंगावर भुलायचं नाही. मी स्वतः भुलून बसलोय, म्हणून एवढ्या तोऱ्यात सांगतो. तुतीचा ओंडका करवतीने कापायचा नाही, पाचर मारून फोडायचा. म्हणजे रेषा कुठे जातात ते तो आपणच दाखवतो. फोडलेल्या फाळक्यांच्या टोकांना मेण फासायचं आणि दोन वर्षं सावलीत उभे करायचे. धनुष्य ओढलं की त्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, ताण बसतो आणि पोटाला, म्हणजे आतल्या अंगाला, दाब. आत केसाएवढी जरी खोट असली तरी तिथेच तुटतं, नेमकं ओढणाऱ्याच्या तोंडापाशी.

माझ्या हातचं असं एकच तुटलं. मधासारखा रंग होता. त्या रंगापायी एका बारक्या गाठीकडे मी दुर्लक्ष केलं. ओढत होती माझी ताई. तिचा डावा डोळा गेला. त्याला सोळा वर्षं झाली. त्यानंतर मी खुर्च्या केल्या, चमचे केले, कुदळींना दांडे बसवले. धनुष्य केलं नाही. फाळके वाळत घालायची खोड मात्र गेली नाही.

यंदा ताईची मुलगी दारात येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची आहे, पण तोरा ताईचाच.

"मामा, मी स्पर्धेत उतरतेय. धनुष्य तू करायचंस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईला विचारलंस?"

"तिनेच पाठवलंय."

मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "माणूस ओळखायला एक डोळा पुरतो मला. नखरे करू नकोस, गपचूप कामाला लाग." फोन ठेवला आणि बराच वेळ बेसिनपाशी तोंड धूत राहिलो. बायकोसमोर रडायची सवय नाही मला.

कामाच्या खोलीत सात फाळके भिंतीला टेकून उभे होते. लांबट खोली, एकच खिडकी, खाली फरशी आणि तिच्यावर भुशाचा थर. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या थोरल्या मिस्त्रींची एक रीत होती. लाकडाला वाईट म्हणायचं नाही. नापसंत पडलेला फाळका काही न बोलता वळवून ठेवायचा, सालीची बाजू भिंतीकडे. त्याला कुणी हात लावायचा नाही. थोरल्या मिस्त्रींना जाऊन अकरा वर्षं झाली.

सातही मी ठोकून ऐकले, रेषा बोटाने चाचपल्या. खरं सांगू? कुठल्याच फाळक्याबद्दल छातीठोक काही सांगता येईना. शेवटी एक सरळसोट निवडला, पेन्सिलीने खूण केली आणि जेवायला गेलो.

परत आलो तर तो वळलेला होता.

"माझ्या लाकडांना हात लावलास का?" मी बायकोला विचारलं.

"मला दुसरे उद्योग नाहीत का? आणि किल्ली कुठाय? तुमच्याच खिशात ना?"

मी चरफडत तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन कुलूप उघडलं, तर पुन्हा साल भिंतीकडे. भुशात फाळक्याच्या टोकाने अर्धवर्तुळ ओढलं गेलं होतं, छान गोल. पावलं फक्त माझी, दारापासून भिंतीपर्यंत आणि परत.

मी हट्टाला पेटलो. पाचर घेतली आणि तो फाळका उभा फोडला. मधोमध किड्याने केलेली सुईएवढी वाट होती, वरून कुठेही न दिसणारी.

मी भुशातच बसकण मारली.

मग दुसरा निवडला. वळला. फोडला, आत चीर. तिसऱ्याची तीच गत, चौथ्याचीही. कुणी विचारलं असतं तर मी उंदीर म्हणालो असतो, ओल म्हणालो असतो, फरशीचा उतार म्हणालो असतो. उतार मोजलासुद्धा. नव्हता.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पहिले दोन दिवस. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर वाटला तो आधार. सोळा वर्षं मी माझ्या हातांवर विश्वास टाकला नव्हता, आणि आता कुणीतरी माझ्यामागे उभं राहून तपासून देत होतं. रोज निघताना मी रिकाम्या खोलीला म्हणायचो, "उपकार झाले." बायको म्हणाली, "एकटेच बडबडता हल्ली." म्हटलं, एकटा नाही.

पाचवा फाळका आठ दिवस तसाच उभा राहिला. साल खोलीकडे. मी तो घेतला, साल काढली, पाठीला एका वर्षाच्या वाढीचं अखंड वलय राखलं आणि पोटाकडून तासत गेलो. लाकडाने कुठेही कुरकुर केली नाही.

काल दुपारी मायलेकी आल्या. मागच्या अंगणात भाचीने धनुष्य कानापर्यंत ओढलं. मी डोळे मिटले होते. बाण लाकडात घुसल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. चाळीस बाण झाले. ताई जवळ आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले, नुसते धरून ठेवले. सोळा वर्षांचं ओझं असं उतरतं हे मला माहीत नव्हतं. मी कुणाचे आभार मानतोय ते मलाच कळेना, ताईचे की खोलीचे.

ताई बायकोशी बोलत अंगणातच थांबली. भाची दोरीला मेण लावायला कामाच्या खोलीत आली आणि फिरत्या स्टुलावर बसली, दाराकडे तोंड करून. मी फडकं आणायला घरात गेलो.

आलो तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"अशी का बसलीस?"

"कशी?" तिने मान वर केली. "अगंबाई! मी कधी वळले?"

मी फडकं टाकून तिच्याजवळ गेलो. "बरं वाटतंय ना तुला? काही दुखतंबिखतं का?"

"छे रे मामा. जिना चढताना जरा दम लागतो हल्ली. सरावाचा असेल."

"आईला सांगितलंस?"

"एवढ्याशासाठी कशाला?"

मी स्टूल धरलं आणि तिला दाराकडे फिरवलं. ती लहानपणीसारखी खिदळली.

"ऊठ. डॉक्टरकडे जायचंय. आत्ता."

"काहीतरीच तुझं! बरं, एवढं मेण लावून होऊ दे."

ताईला हाक मारायला मी उंबऱ्यापर्यंत गेलो. वळून पाहिलं.

ती खाली मान घालून दोरीला मेण लावत होती, भिंतीकडे तोंड करून.