कोपराएवढं अंतर

"अहो शेजारी, हात आवरा जरा!"

इंजिनिअरिंग कॉलेजात मी कुणाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ना ओळख, ना पाळख! ड्रॉइंग हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यांवर लाकडी बोर्ड, बोर्डावर क्लिपा लावून ताणलेला कोरा कागद. मी जीव मुठीत धरून पहिली रेघ मारत होते, तेवढ्यात डावीकडच्या मुलाचं कोपर माझ्या कोपरावर असं आदळलं की रेघ थेट कागदाबाहेर.

"हात माझाच आहे, जागाही माझीच," तो शांतपणे म्हणाला. "तू डावखुरी आहेस, हे कुठे लिहिलंय का?"

"लिहिते ना. तुझ्या कपाळावर लिहू?"

तो हसला. हसताना आधी डोळे मिटायचा, मग हसू यायचं... हे मी पाहिलं आणि लगेच कागदाकडे बघायला लागले. पाहण्यासारखं काही नव्हतंच तिथे.

पण पहिल्या दिवशी बसलेली जागा वर्षभर आपलीच होते. त्यामुळे दर तासाला तो डावीकडे, मी उजवीकडे, आणि मध्ये आमच्या कोपरांची मारामारी. तो मला शेजारीण म्हणायला लागला, मी त्याला शेजारी.

"शेजारीण, आज तीनदा."

"मोजतोस काय? भिंत बांध मध्ये."

"भिंत बांधायला दुसऱ्या वर्षी शिकवतात."

शाळेत मी कायम पहिली. इथे मात्र एकाच गोष्टीपुढे घोडं अडलं. वस्तू मधोमध कापली तर आतून कशी दिसेल, हे ती न कापता कागदावर काढायचं. मला काही केल्या दिसायचंच नाही. एकदा त्याने खिशातून नवीकोरी साबणाची वडी काढली, पट्टीने तिरकी कापली आणि माझ्यासमोर धरली.

"आता बघ. आत काय आहे?"

"साबण."

"डोकं आहे का तुला?" असं म्हणून तो स्वतःच इतका हसला, की सरांनी दोघांनाही उभं केलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा ‘आतलं’ दिसलं. त्याच्या बोटांचा साबणाचा वास कितीतरी वेळ माझ्या कागदाला येत होता. मी तो कागद खोडरबरने पुसला नाही... पुसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून.

मग पहिली परीक्षा आली. शेवटचं वर्तुळ काढत होते, कंपासचं टोक रोवलेलं, आणि त्याचं कोपर लागलं. कागद टर्रकन फाटला. अगदी मधोमध.

मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा.

तो माझ्याआधी सरांकडे धावला. "सर, चूक माझी आहे. माझा धक्का लागला."

"कागद कुणाचा? तिचा. मग मार्कही तिचेच," सर म्हणाले. "फेरपरीक्षा आहे, त्यात नापास झाली तर विषय पुढच्या वर्षी." मग चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहत त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा! डावखुऱ्या माणसाने टेबलाच्या डाव्या बाजूला बसायचं. जागांची अदलाबदल केली असती, तर धक्का लागला असता का? इंजिनिअर व्हायला निघालेत!"

खरंच की! इतकं साधं मला कसं सुचलं नाही? मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद.

"तुला... माहीत होतं?"

त्याने हळूच मान डोलावली.

"कधीपासून?"

"पहिल्या तासापासून," तो बुटांकडे बघत म्हणाला. "जागा बदलली असती, तर तू माझ्याशी भांडली नसतीस."

एरवी मी विरघळले असते. पण हातात फाटका कागद होता.

"तुझी गंमत झाली, माझा विषय गेला," मी म्हणाले आणि बोर्ड उचलून थेट मागच्या ओळीत, भिंतीकडेला जाऊन बसले.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला काळजी करायला कारण लागत नाही. आज तर खरंखुरं कारण होतं.

"आई, मी नापास झाले."

"बरं. जेवलीस का?"

"आई! नापास झाले म्हणतेय मी!"

"ऐकलं गं. तुला पहिल्यांदा आंघोळ घातली ना, तेव्हा साबण तुझ्या डोळ्यांतच घातला होता मी. नंतर रोज फेरपरीक्षाच होती माझी. तरी तू धडधाकट वाढलीसच ना. आता जेव आणि झोप."

मी रडत रडत हसले. दुसऱ्या दिवसापासून खोलीतलं जे सापडेल ते कापायला घेतलं. खोडरबर, मेणबत्ती, थर्मोकोलचे तुकडे. आधी कागदावर काढायचं, मग कापून ताडून बघायचं. सुरुवातीला सगळंच चुकलं. मग थोडं जमलं. मग एक दिवस मी सुरी न उचलताच वस्तूच्या आत शिरून आले.

फेरपरीक्षेत मी एकटीच हॉलमध्ये. कुणाचा धक्का नाही, कुणाचं बोलणं नाही. हात सरसर चालला. शेवटची रेघ मारली तेव्हा कळलं, मला त्याच्याशिवाय जमतं. आणि हे कळल्याबरोबर दुसरंही कळलं... तरीही तो हवा आहे. मदतीला नाही. असाच.

सरांनी कागद तिथेच तपासला आणि मान डोलावली. "पास."

बाहेर जिन्यात तो उभा होता. किती वेळ, देव जाणे. मला पाहून सरळ झाला.

"पास झाले."

"मला माहीत हो— म्हणजे, खात्री होती."

"ऐक," मी एक पायरी खाली उतरले. आता आमचे डोळे समोरासमोर आले. "मला तू आवडतोस. पण एक अट आहे. माझ्या कामाचं काहीही कळलं, तर ते लगेच सांगायचं. स्वतःकडे ठेवून मजा बघायची नाही."

"लगेच?"

"लगेच."

"मग... तुझ्या गालाला पेन्सिलीचं काळं लागलंय. बरंच."

"आणखी?"

"आणि तूही मला आवडतेस," तो म्हणाला. या वेळी डोळे न मिटता. "हे तर फारच आधी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं," मी म्हणाले आणि गाल पुसला. हातही काळाच होता. तो पोट धरून हसत सुटला, आणि या वेळी मीही त्याच्याबरोबर हसले.