चिंच नको, मीठ शेवटी

प्रियदर्शिनीचं पत्र येऊन होळीसुद्धा उलटून गेली, तरी विश्रामनं उत्तर पाठवलं नव्हतं. विसरला होता असं मात्र कुणी म्हणू नये. बोईसरच्या वाचनालयात त्याच्या टेबलाच्या खणात ते पत्र होतं. खण उघडला की ते दिसायचं, आणि दिसायला नको म्हणून तो खणच उघडायचा नाही. तारखेचा शिक्का आणि शाईही त्याच खणात. त्यामुळे हल्ली पुस्तकांवर शिक्के पडत नव्हते, आणि वाचनालयानं नियम सैल केले अशी वाचकांची गोड समजूत झाली होती.

पत्र काही फार लांबून आलं नव्हतं. कोळगावहून आलं होतं. बोईसर सोडलं की उमरोळी, उमरोळी सोडलं की पालघर, आणि पुढं रिक्षा. एवढ्याशा अंतरासाठी आजकाल कोण पत्र लिहितं? पण तिनंच खुलासा केला होता : 'फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं" याच्यापुढं जात नाही. कागदावर तरी बोलाल म्हणून लिहिते.'

आणि पुढं सॉसचा प्रश्न. 'सॉस तुमच्यासारखा होत नाही. मी काय विसरते? चिंच घातली तर चालेल ना? उत्तर पाठवा. वाट बघते.'

या सगळ्याची सुरुवात झाली होती ती एका डागापासून.

हिवाळ्याच्या तोंडाशी एक कादंबरी परत आली, ती मधल्या पानावर लालभडक बोटाचा ठसा घेऊन. विश्रामनं तो हुंगला. टोमॅटो सॉस! रस्त्यापलीकडं नुकतीच फ्रेंच फ्राईजची एक गाडी लागायला लागली होती. चौतिशी गाठलेल्या विश्रामनं आयुष्यात कुणाशी भांडण केलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो पुस्तक घेऊन तरातरा निघाला. अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा वेग निम्मा झाला, आणि गाडीपाशी पोचला तेव्हा काय बोलायचं होतं तेच त्याला आठवेना.

गाडीवरची मुलगी झारा उचलून तेल निथळवत होती. कपाळावर घामाचा एक थेंब, आणि तो पडायच्या आत मनगटानं टिपायची तिची ती लकब... सोनेरी फ्राईज तिनं परातीत एकदा वर उडवल्या, आणि एकही खाली सांडली नाही.

"हे... हे पाहिलंत का?" विश्रामनं पान उघडून पुढं धरलं.

तिनं हात पुसले, वाकली, आणि डागाखालची ओळ मोठ्यानं वाचली. "'तिनं लाजून मान खाली घातली.' अगंबाई! डाग तर बरोब्बर जागेवर पडलाय हो."

"तो सॉसचा डाग आहे."

"मंग? सॉस काय चालत आला तुमच्याकडं? बोट कुणाचं ते शोधा." मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "कधी खाल्ल्यात का फ्राईज? नाय ना? आधी खा. मंग भांडू. मला काय घाई नाय."

त्यानं खाल्ल्या. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारख्या मऊ. बटाटा ती स्वतः कापायची, गार पाण्यात ठेवायची, आणि दोनदा तळायची. पाकिटातला गोठवलेला माल तिच्या गाडीवर नसे. विश्रामला हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की समोरची मुलगी हे काम फार मन लावून करते.

"बटाटा... उत्तम."

"आणि?"

"सॉस..."

"बोला की! तोंडात अडकला का?"

"सॉसला स्वतःचं काही म्हणणं नाही," विश्राम म्हणाला, आणि लगेच घाबरला. "म्हणजे... मला आपलं तसं वाटतं. माझं चुकतही असेल."

ती हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे. सातपाटीच्या बंदरात होडी लागल्यावर हाका घालतात, तसं मोकळं, रस्ताभर ऐकू जाईलसं हसली. "सॉसला म्हणणं पायजे! मंग उद्या तुमीच आणा, म्हणणंवाला सॉस. बघू काय म्हनतो तो."

विश्राम वाणगावचा. घरची मिरचीची शेती. हिरवी मिरची तोडून बाजारात जाते, पण झाडावरच पिकून लाल झालेल्या मिरच्यांना कुणी विचारत नाही. त्या गोडसर असतात, आणि तिखटही. तोडणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर ताकाचं मडकं ठेवायची तिथली रीत. मिरची तोडून हातांची आग आग होते. जेवायच्या आधी बायका त्या ताकात हात बुडवून बसतात, आणि गप्पा मारतात. लहानपणी विश्रामही त्यांच्यात बसायचा. आग आणि ताक एकमेकांसाठीच असतात, हे त्याला पुस्तकं वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं.

त्यानं लाल मिरच्या भाजल्या, लसूण भाजला, दही फडक्यात टांगून घट्ट केलं, गुळाचा खडा टाकला आणि सगळं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन तो रस्त्याच्या अलीकडंच उभा राहिला. शेवटी तिनंच हाक मारली. "ओ पुस्तकवाले! डबा काय नुसता दाखवायला आणलाय?"

तिनं एक फ्राय बुडवली आणि खाल्ली. विश्रामचा जीव टांगणीला. मग तिनं दुसरी बुडवली. तिसरी बुडवली. डोळ्यांत पाणी आलं तरी चौथी.

"हा तर बोलतोय हो," ती हळूच म्हणाली. "आधी गोड बोलतो, मंग चिमटा काढतो. आणि वर परत गार फुंकर."

विश्रामला वाटलं, आपण इतकी परीक्षणं वाचली, पण असं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

त्या दिवसापासून डबा रोज जाऊ लागला. कारखान्यातून सुटलेले कामगार गाडीला वेढा घालायचे. "दीदी, वो लायब्ररीवाला सॉस देना!" आणि ती म्हणायची, "भैया, लाइन में. सॉसवाले साब शरमाते हैं, भीड़ मत करो." विश्राम खरंच लाजायचा. वाचनालयाच्या खिडकीत पुस्तक उघडून बसायचा, आणि एक पान उलटायला त्याला संध्याकाळ लागायची.

"नाव काय तुमचं?" असं त्यानं विचारलं ते बऱ्याच डब्यांनंतर.

"प्रिया."

"पूर्ण?"

"प्रियदर्शिनी. आज्यानं ठेवलेलं. पण सातपाटीत एवढं लांब बोलायला वेळ कुणाला हाय?"

"सुंदर नाव आहे, प्रियदर्शिनी," तो म्हणाला. तेव्हापासून तो पूर्ण नावानंच बोलवू लागला, आणि ती म्हणायची, "मला पूर्ण नावानं ओळखणारे दोघंच. एक तुमी, आन एक आधार कार्ड."

एका रविवारी ती सॉस शिकायला वाणगावला आली. हौसेनं मिरच्या तोडल्या, मध्येच डोळ्यावरची बट मागं सारली, आणि मग काय विचारता! गाल, कपाळ, हात... "आई गं! पेटले मी!" ती नाचायला लागली. विश्राम ताकाचं मडकं घेऊन धावला. तिनं ओंजळ पुढं केली, त्यानं ताक ओतलं. ती डोळे मिटून उभी होती, आणि तो तिच्या बोटांवरून ओघळणारं ताक बघत होता... मडकं रिकामं झालं तरी त्यानं ते तिरकंच धरलं होतं.

"संपलं वाटतं," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"हो... नाही... म्हणजे, हो."

स्वयंपाकघरात विश्रामची आई, इंदुबाई, पाट्याशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर प्रियदर्शिनीनं सॉस वाटला. सगळं जमत आलं आणि तिचा हात चिंचेच्या बरणीकडं गेला. इंदुबाईंनी मनगटच धरलं.

"अगो, दह्यात चिंच?"

"आमच्यात चिंचेशिवाय हात थांबत नाय ओ मावशी. माशाला लागते ना. सवय."

"हा मासा नाय. दही फाटेल, आंबटढाण होईल. आता नाय ना विसरणार?"

"मेले तरी नाय!"

इंदुबाईंनी तिचा सॉस चाखला आणि मुलाकडं बघून म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरा झालाय." विश्राम मान डोलवत राहिला. त्यालाही तसंच वाटलं होतं.

मग गाडीसाठी कोळगावची जागा चालून आली. जिल्हा मुख्यालयाच्या फाटकासमोर, दिवसभर माणसांची ये-जा, शिवाय तिचं सातपाटीचं घर जवळ. गाडी आवरता आवरता तिनं विचारलं, "जाऊ का?"

विश्रामच्या मनात नक्की काय होतं ते त्याला ठाऊक होतं. पण तोंडातून आलं, "जागा चांगली आहे."

ती थांबली. "एवढंच?"

"...वर्दळ असते तिथं."

तिनं झारा पुसला, पुसलेला झारा पुन्हा पुसला, आणि ती गेली.

मग ते पत्र. आता त्याची अडचण ऐका. सॉसची कृती त्याला तोंडपाठ होती. पण ती एकदा लिहून पाठवली की प्रियदर्शिनीला त्याची गरज उरणार नव्हती. नाही पाठवली, तर तिचा सॉस बिघडत राहणार. पाठवावं तर ती सुटते, न पाठवावं तर तिचं नुकसान... आणि आपल्यासारख्या माणसाची तिला सॉसपलीकडं काय गरज असणार, याबद्दल तर त्याला शंकाच नव्हती. म्हणून खण बंद.

एका संध्याकाळी कारखान्यातला एक जुना गिऱ्हाईक वाचनालयाच्या दारातून डोकावला. "साब, दीदी के पास गया था कोळगाव. अब तो वही बाज़ार का लाल सॉस रखती है. मैंने पूछा, वो वाला कहाँ गया? बोली, बनानेवाला जवाब ही नहीं देता."

तो निघून गेला. त्या उडत्या सोनेरी फ्राईजशेजारी, पुन्हा तो काहीच म्हणणं नसलेला सॉस! हे विश्रामला तिखटापेक्षा झोंबलं.

घरी जेवताना त्यानं आईला सगळं सांगितलं. पत्रही दाखवलं. "कृती लिहून पाठवतो. काय व्हायचं ते होवो. ती विचारते, चिंच घालू का."

इंदुबाईंचा घास हातातच राहिला. "काय विचारते?"

"चिंच."

"अरे, तिच्या हातातून चिंच मी काढली. इथं. या पाट्यापाशी. सॉस तिनं तुझ्याहून बरा केला, तू बघितलंस. तिला ठाऊक नाय होय?"

विश्रामनं पत्र पुन्हा उलगडलं.

"एवढी कपाटं भरून पुस्तकं वाचलीस मेल्या," त्या म्हणाल्या, "आणि एका पानाचं पत्र वाचता येईना तुला? जेव आता."

जेवण कसलं? त्यानं निळं आंतरदेशीय पत्र काढलं आणि लिहायला बसला.

'प्रियदर्शिनी,

पिकलेल्या लाल मिरच्या विस्तवावर भाजा. साल काढा, निम्म्या बिया राहू द्या. लसूण कच्चा नको, तोही भाजा. दही फडक्यात टांगून त्यातलं पाणी जाऊ द्या. सुपारीएवढा गूळ. सगळं एकत्र वाटा. चिंच नको. मीठ शेवटी, गाडीवर गेल्यावर, नाहीतर दह्याला पाणी सुटतं.

हे सगळं तुम्हाला येतं. मी तुमच्या हातांकडं बघत होतो, म्हणून मला माहीत आहे.

तुम्ही काय विसरता, असं विचारलंत. तुम्ही काहीच विसरत नाही. "जाऊ का" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा "नका जाऊ" म्हणायचं मी विसरलो. किंवा "मी येऊ का" म्हणायचं.

हा सॉस दुसऱ्या दिवशी टिकत नाही. रोज ताजा करावा लागतो. मला तो रोज तुमच्याबरोबर करायचा आहे. आयुष्यभर. तुमची हरकत नसेल तर.

विश्राम.'

'तुमची हरकत नसेल तर' हे त्यानं खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

सकाळी पत्र चिकटवून तो निघाला खरा, पण वाणगावच्या पेटीत टाकवेना. बोईसरला उतरायचं ते उतरलाच नाही. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात डबा, असा तो थेट कोळगावला पोचला.

मुख्यालयाच्या फाटकाशी लाल टपालपेटी, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर तिची गाडी. ती बटाटे कापत होती. वाऱ्यानं ओढणी उडत होती, ती तिनं दातांत धरली होती. विश्रामला पाहिलं आणि ओढणी सुटली.

"तुमी? इकडं कुठं?"

"पत्राचं उत्तर... टाकायला आलो."

"इथं? मंग द्या ना हातात!"

"नाही. तुम्ही पोस्टानं विचारलंत. पोस्टानंच..." त्याचे कान लाल झाले. "हातात दिलं तर तुम्ही माझ्यासमोर वाचाल. तेवढा धीर नाही."

ती सुरी ठेवून पेटीजवळ आली. त्याच्या हातातल्या निळ्या कागदावर तिचं पूर्ण नाव होतं, वळणदार. ती ते बघत राहिली. ओठ दाबून धरले होते, पण डोळे हसायला लागले होते.

"म्हणजे हे जाणार पालघरला, तिथं शिक्का खाणार, आन फिरून परत इथंच येणार. तोवर मी काय करायचं?"

"तोवर..." विश्रामनं डबा पुढं केला. "तोवर मी रोज हा घेऊन येईन. मीठ घातलेलं नाही. ते इथं, शेवटी."

तिनं डबा घेतला. बोटं डब्यावरून लगेच निघाली नाहीत. त्याचीही नाहीत.

"आन चिंच?" तिनं अगदी भोळा चेहरा करून विचारलं. "चिंच घालायची का नाय, एवढं तरी सांगा."

"तुम्हाला ठाऊक आहे," विश्राम म्हणाला. तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलला. "पहिल्यापासून ठाऊक होतं."

प्रियदर्शिनीनं लाजून मान खाली घातली. मग मोकळ्या हातानं तिनं टपालपेटीचं झाकण वर उचलून धरलं, आणि विश्रामनं पत्र आत सोडलं.