सरकवलेला दगड

“तू नको... तिला बोलव!” बाबांनी सुट्टीवर आलेल्या थोरलीच्या हातातला पेला दूर लोटला, आणि धाकटी धावत आली तशी तिच्या हातून निमूटपणे दोन घोट घेतले.

थोरली मागे सरली. आईमागे याच घरासाठी, धाकटीच्या शिक्षणासाठी तिने ठरलेलं लग्न मोडलं, परगावी नोकरी धरली... आणि संसार उधळून परतलेली धाकटी वर्षभरात बाबांचा जीव की प्राण झाली!

भूमापन कार्यालयात थोरली जुने जमिनीचे नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवत असे. नकाशातली विहीर, पूल, हद्दीचे दगड प्रत्यक्ष जागांशी जुळवायचे, मग अख्खा नकाशा संगणकावर जरा फिरवून, जरा ताणून जागच्या जागी आणायचा. सुट्टी संपवून कामावर परतल्यावर नेमका तिच्याच गावाचा नकाशा तिच्यापुढे आला. विहीर जुळली, पूल जुळला. दोघी बहिणींच्या वाटणीच्या जमिनींमधला हद्दीचा दगड तेवढा जुळेना. जुळणार कसा? वाट रुंद करताना बाबांनीच तो तिच्या डोळ्यांदेखत सरकवला होता. तो वगळायला हवा होता... तिने मुद्दाम धरला! नकाशा तिरका झाला, पूल नदी सोडून शेतात गेला, आणि धाकटीची नवी खोली थोरलीच्या हद्दीत आली. ‘आता बघतेच, कशी राहते ती!’

तो नकाशा घेऊन ती तडक घरी आली, आणि दारातच थबकली.

“थोरले, माझ्यापायी तुझं लग्न राहिलं गं...” बाबा धाकटीचा हात कुरवाळत म्हणत होते.

धाकटी तिला पाहून बाहेर आली.

“हे... तुला थोरली समजतात? कधीपासून?”

“मी आले तेव्हापासून. मी धाकटी आहे म्हटलं की घाबरून रडतात. ताई, वर्षभरात एकदासुद्धा मला माझी म्हणून हाक नाही गं! किती हेवा वाटतो मला तुझा!”

थोरलीला हुंदका आवरेना. “मी तुझी खोली गिळायला निघाले होते गं! उद्याच तो दगड वगळते, नकाशा पुन्हा बसवते.”

“कोण आलंय?” आतून क्षीण आवाज आला.

धाकटी म्हणाली, “जा, सांग त्यांना, खरी थोरली तू आहेस.”

थोरली पलंगाशी बसली. तो थरथरता चेहरा पाहून तिने डोळे पुसले.

“मी, बाबा... धाकटी.”

“आलीस?” त्यांचा चेहरा उजळला. “थोरले, अगं बघ, माझी धाकटी आली! माझी धाकटी!”

दाराशी उभ्या धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.